पूर्ण नाव तोडताना मी काय शिकलो

नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम दिसायला अगदी साधं होतं. एका रकान्यात पूर्ण नावं होती, त्यांतून पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन रकाने भरायचे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्पेसवर स्प्लिट केलं, म्हणजे नावाचे तुकडे केले, आणि ०, १, २ या इंडेक्सचे (क्रमांकांचे) तुकडे उचलले. थोड्या ओळी नीट गेल्या. मग एकाच शब्दाचं नाव आलं आणि प्रोग्राम इंडेक्स एरर देऊन थांबला.

आधी तुकडे मोजले की हे सुटतं. मला खरा त्रास दिला तो दोन शब्दांमध्ये चुकून पडलेल्या जोडस्पेसनं. स्प्लिटच्या कंसात एक स्पेस लिहिली असेल, तर अशा जागी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) तयार होते आणि मधलं नाव म्हणून जाऊन बसते. एरर येतच नाही, त्यामुळे चूक कळायला फार उशीर होतो. कंस रिकामा ठेवा; मग स्पेस कितीही असोत, टॅब असो, हाती फक्त शब्द येतात.

प्रोग्रामिंगची भाषा बदललीत तर स्प्लिटला दिलेल्या आकड्याचा अर्थ आधी वाचा. जावात २ दिले की दोन तुकडे होतात आणि उरलेलं सगळं दुसऱ्यात राहतं. पायथनमध्ये त्यासाठी १ द्यावा लागतो, कारण तिथे तो आकडा किती वेळा कापायचं ते सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये २ दिले, तर पहिले दोन तुकडे मिळतात आणि बाकीचं नाव चक्क टाकून दिलं जातं. माझी कितीतरी आडनावं अशीच गेली.

आडनावासाठी पायथनचं आरस्प्लिट मला आवडतं, १ दिला की ते उजवीकडून एकदाच कापतं, पण तेही फक्त स्पेस बघतं. 'लुडविग व्हॅन बीथोव्हन'मधला 'व्हॅन' आडनावाचा आहे, 'गॅब्रिएल गार्सिया मार्केझ'मध्ये शेवटचे दोन्ही शब्द आडनावाचे आहेत, आणि 'माओ झेडाँग'मध्ये आडनाव पहिलंच आहे. हे कुठल्याच स्ट्रिंग फंक्शनला कळणार नाही. म्हणून मूळ रकाना कधीही पुसू नका, तुकडे शेजारच्या नव्या रकान्यांत ठेवा. दोनपेक्षा कमी किंवा तीनपेक्षा जास्त शब्दांची नावं वेगळी काढून स्वतः वाचा. तीन शब्दांचीही थोडी चाळा, मार्केझ तिथेच सापडतो. आणि फॉर्म तुमच्याच हातात असेल, तर आडनाव वेगळं विचारून घ्या.