अंगणातल्या भट्टीत दगडाचं लोखंड करताना

आधी एक समज डोक्यातून काढून टाका: या भट्टीत लोखंड वितळत नाही. त्याला १५३८ अंश लागतात, आपली मातीची भट्टी बाराशे-तेराशेच्या आसपास चालते. वितळते ती मळी, म्हणजे दगडातला माती-वाळूचा गाळ. लोखंड घट्टच राहून वारा घालायच्या नळीखाली जाळीदार गोळा होऊन बसतं. मी पहिल्या दोन वेळा लोखंडाची धार कधी वाहते म्हणून वाट बघत बसलो होतो!

आमच्या सिंधुदुर्गात रेडीकडे हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज, आहे. जड, तांबूस दगड. खापरावर घासला की विटकरी रेघ उठते. खाणीच्या हद्दीतून न विचारता उचलू नका. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूच्याही नादी लागू नका, तिच्यात टायटॅनियमचं इल्मेनाइट असतं. दगड लाकडाच्या जाळावर तासभर भाजून घ्या, मग हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे करा.

भट्टीला वारुळाची माती, वाळू आणि भाताचं तूस. आतून २५ सेंटिमीटर रुंद, मीटरभर उंच, भिंत चार बोटं जाड. तळापासून वीतभर वर ब्लोअरचा वारा आत नेणारी मातीची नळी, तोंड जरा खाली झुकलेलं. नळीखाली मळी काढायचं भोक. भट्टी उघड्यावरच बांधा, निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि जमीन कोरडी हवी, ओल्या जागी मळी सांडली तर उडते.

आधी लाकडं जाळून भट्टी सावकाश वाळवा, मग लोणारी (लाकडी) कोळशाने गच्च भरून तासभर तापवा. त्यानंतर एक किलो कोळसा, वर एक किलो दगड, अशा पाळ्या. मी १५ किलो दगड घालतो.

खरी कसोटी वाऱ्याची. कोळशाचा वायू वर चढताना दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याला वेळ द्यावा लागतो. एक पाळी खाली बसायला आठ-दहा मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत बसली तर ब्लोअर कमी करा. पहिल्या खेपेला मी जोरात वारा मारला, तुकडेही मोठे होते. दगड कच्चाच खाली उतरला, वाळूशी मिसळला आणि सगळ्याची काळी मळी झाली. शेजारचे वैद्यकाका म्हणाले, "टाकू नकोस, शंभर वर्षं ठेव, उत्तम मंडूर होईल." मंडूर म्हणजे आयुर्वेदात औषधाला वापरतात ती लोखंडाची जुनी मळी.

नळीतून डोकावताना चष्मा लावा. आत पिवळसर पांढरं दिसायला हवं. काळपट दिसलं की नळीच्या तोंडाशी मळी चढलीय. भोक फोडून ती वाहू द्या. चांगली मळी काकवीसारखी सरकते.

शेवटची पाळी घातल्यावर कोळसा नळीपर्यंत उतरू द्या. मग खालची भिंत फोडून सांडशीने गोळा बाहेर ओढा. लगेच घण घालू नका, भुगा होईल. ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगरीने हलके हलके दाबत बसायचं, मळी चरचरत बाहेर येते. गार झाला की पुन्हा लोहाराच्या आगटीत घालून पिवळाधमक करायचा आणि मग ऐरणीवर. गेल्या मार्गशीर्षात ३ किलोचा गोळा निघाला. ठोकून, दुमडून, परत ठोकून हातात पट्टी आली पावणेदोन किलोची.

महाबळेश्वरचे धावड असंच जांभ्यातलं लोखंड काढायचे. त्यांच्याकडे ब्लोअर नव्हता, हाताचा भाता होता. मी एकदा भाता मारून बघितला. वीस मिनिटांत खांदे गेले, मुलाला हाक मारली.