खोल अंतराळातील चिमुकल्या रोबोसाठी वीजस्रोत कसा निवडावा

एक-दोन किलोच्या रोबोचा आराखडा करताना आपण प्रथम मोटार आणि रेडिओ किती वीज खातील ते पाहतो. माझ्या मते हिशेबाला उष्णतेपासून सुरुवात करावी. समजा, रोबो दिवसातून अर्धा तास 2 वॉटने काम करतो आणि उरलेला वेळ 5 मिलिवॉटवर निद्रिस्त राहतो. मग त्याचा दिवसाचा खर्च जेमतेम 1.1 वॉट-तास भरतो. मात्र बॅटरी गोठू नये म्हणून 1 वॉटचा हीटर अखंड चालवल्यास एकट्या त्याचेच 24 वॉट-तास होतात. किलोमागे 300 वॉट-तास देणारी अर्ध्या किलोची बॅटरी हीटरविना चार महिन्यांहून अधिक पुरेल, हीटरसह सुमारे सहा दिवस. मंगळावरील 1.8 किलोच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचीही बरीचशी ऊर्जा उड्डाणापेक्षा रात्री ऊब राखण्यातच जात असे.

त्यानंतर सूर्यापासूनचे अंतर पाहावे. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सुमारे 1,360 वॉट सूर्यप्रकाश मिळतो, गुरूजवळ 50 आणि शनीजवळ 15. गुरूपाशी तळहाताएवढे, म्हणजे 100 चौरस सेंटिमीटरचे उत्तम सौरपॅनेल थेट उन्हात 0.15 वॉट देईल. सावलीचा धोका वेगळाच: 2014 मध्ये फिली यान धूमकेतूवर कड्याच्या आडोशाला विसावले आणि साधारण अडीच दिवसांत त्याची मुख्य बॅटरी संपली. मोहीमच काही तासांची असेल, तर सौरपॅनेलचा खटाटोप करू नये. 2018 मध्ये रयुगू लघुग्रहावर मॅस्कॉट या छोट्या यानाने केवळ एकदाच वापरायच्या बॅटरीवर 17 तास काम केले.

दीर्घ मोहिमेसाठी उष्णता-कुपी, म्हणजे प्लुटोनियम-238 या किरणोत्सारी इंधनातून आपोआप ऊब देणारी छोटी डबी, विचारात घ्यावी. अमेरिकी बनावटीच्या कुपीत 2.7 ग्रॅम इंधन असते, तिचे वजन सुमारे 40 ग्रॅम भरते आणि ती 1 वॉट उष्णता देते. मंगळावरील सोजर्नर रोव्हरमध्ये अशा तीन होत्या. चांद्रयान-3 च्या प्रणोदन विभागातही भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 1 वॉटच्या दोन कुपी होत्या. इंधनाचा अर्धायुकाल (ते निम्मे उरायला लागणारा काळ) 87.7 वर्षे असल्याने उष्णता वर्षाला एका टक्क्याहूनही कमी घटते.

कुपीची उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेवर थर्मोकपल (तापमानातील फरकातून वीज निर्माण करणारा घटक) बसवून तिच्यातील चार टक्के विजेत उतरवली, तर 40 मिलिवॉट हाती येतात. निद्रेचे 5 वजा जाता उरलेले 35 मिलिवॉट 25 फॅरडच्या, 5 व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये साठवावेत. अर्ध्या व्होल्टेजपर्यंत उतरवल्यास तो 2 वॉटचे काम सुमारे दोन मिनिटे चालवतो आणि पुन्हा भरायला जवळपास दोन तास घेतो. म्हणजे दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटांचे काम, तेही तुकड्यातुकड्यांनी. सॉफ्टवेअरची आखणी याच लयीवर करावी.

चाचणीत किरणोत्सारी इंधनाची गरज नसते. कुपीच्या जागी 1 वॉट उष्णता देणारा विद्युत रोध (रेझिस्टर) बसवावा, परंतु मोजमाप निर्वात कक्षातच घ्यावे, कारण हवेमुळे उष्णता अधिक वेगाने निसटते आणि उष्णतारोधक आवरणाचे आकडे फसवे येतात. बाहेरून आत येणारी प्रत्येक तारही उष्णता वाहून नेते, म्हणून तारा बारीक, लांब आणि मोजक्याच ठेवाव्यात.