बाळ गुंडाळण्याआधी

प्रसूती वॉर्डात आलेल्या नव्या सिस्टरला मी पहिल्याच दिवशी सांगते: दुपट्यात गुंडाळण्याआधी बाळ उजेडात उघडं करून बघ, माथ्यापासून टाचेपर्यंत.

फाटलेला ओठ कुणालाही दिसतो, फसवतो तो तोंडातला फाटलेला टाळा. टॉर्च मार, हातमोजा घालून करंगळी टाळ्यावरून अगदी मागपर्यंत फिरव. दूध नाकातून येईपर्यंत थांबू नकोस. मग पालथं कर: कण्यावर फुगवटा, केसांचा पुंजका? शीची जागा उघडी आहे ना?

पाऊल आत वळलेलं असेल तर हलकेच सरळ करून बघ. सहज सरळ झालं तर बहुधा काळजी नाही. ताठच राहिलं तर क्लबफूट. त्यावरच्या उपचाराच्या पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला नवं प्लास्टर, साधारण पाच-सहा वेळा. नंतर तीन महिने दिवसाचे 23 तास आडव्या पट्टीने जोडलेले बूट, पुढे चारेक वर्षांचं होईपर्यंत झोपताना. इथेच घरचे कंटाळतात नि पाऊल पुन्हा वळतं.

नोंदवहीत नुसतं 'व्यंग' लिहू नकोस. डावं की उजवं, एकच की आणखी काही, आईचं गाव कोणतं. गावच नसेल तर कुठे काय जास्त दिसतं ते कळणार कसं?

आजी कुजबुजतेच, "ग्रहणात भाजी चिरली हिने." तेव्हा आईच्या देखतच सांग, "आजी, त्याचा काही संबंध नाही."