शब्दचित्रांची कार्डं करताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला पाठवण्यासाठी मी एक कार्ड केलं होतं. त्यावर एकच शब्द, ‘अंतर’. अं, त आणि र एकमेकांपासून लांब लांब ठेवलेले, बाकी सगळं कार्ड कोरं. परगावी, परदेशी गेलेल्या मैत्रिणींसाठी होतं. फाइल छापखान्यात दिली आणि दुसऱ्या दिवशी दोनशे कार्डांचा गठ्ठा हातात पडला. प्रत्येकावर मधोमध, नीटनेटका, जोडलेला ‘अंतर’. डीटीपी करणारे दादा खुशीत होते. “ताई, अक्षरं फार सुटली होती तुमची. जोडून दिलीत.”

हा किस्सा मी वर्षभर सगळ्यांना हसत हसत सांगितला. मग एकदा ते कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि लक्षात आलं की दादांनी अक्षरं जोडली तरी त्याचं फारसं काही बिघडलेलं नव्हतं. शब्द म्हणत होता अंतर, आणि मांडणीही तेच म्हणत होती. एकच गोष्ट दोनदा.

आकारात ओतलेली कविता

काँक्रीट कविता म्हणजे जिच्यात शब्दांची कागदावरची मांडणी हीच कविता असते. पण ती करायची म्हटलं की बहुतेक जण पावसावरची कविता घेतात आणि छत्रीच्या आकारात बसवतात. आईवरची कविता हृदयात, झाडावरची झाडात. दिसायला बरं दिसतं, वाचायला त्रास होतो. ओळी कुठेही तुटतात आणि छत्रीचा दांडा पुरा करायला दोन विशेषणं वाढवावी लागतात. याची परीक्षा सोपी आहे. मजकूर साध्या सरळ ओळींत लिहून काढा. काहीच हरवलं नाही, तर छत्रीची गरज नव्हती.

ऑयगेन गोमरिंगर हा बोलिव्हियात जन्मलेला, जर्मन भाषेत लिहिणारा स्विस कवी. या प्रकाराच्या जनकांपैकी एक. त्याची सगळ्यात प्रसिद्ध कविता म्हणजे ‘गप्प राहणं’ या अर्थाचा एकच जर्मन शब्द, पाच ओळींत, प्रत्येक ओळीत तीनदा. फक्त मधल्या ओळीतली मधली जागा रिकामी. म्हणजे शब्द 14 वेळा येतो आणि पंधराव्या जागी खरोखर गप्प होतो. हाच मजकूर सरळ ओळीत लिहिला तर कविता उरत नाही, नुसती बडबड उरते. शब्द जिथे थांबतो तिथून मांडणी पुढे बोलते.

‘आपल्याकडे हे होतंच की’

हे वाक्य दर कार्यशाळेत कुणीतरी म्हणतंच. होतं, पण ते वेगळं होतं. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात, या संस्कृत महाकाव्यांत, चित्रबंध आहेत, म्हणजे अक्षरं आकृतीत बसवलेले श्लोक. सर्वतोभद्र नावाचा बंध तर डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, कसाही वाचा, अक्षरं तीच येतात. पण तिथे आधी छंदात बसलेला पुरा श्लोक असतो आणि मग त्याची अक्षरं चौकटीत किंवा कमळाच्या पाकळ्यांत पडतात. चित्र पुसलं तरी श्लोक म्हणता येतो. मम्मटासारख्या काव्यशास्त्रकाराने चित्रकाव्याला सगळ्यात खालची पायरी दिली, हेही विसरू नये. काँक्रीट कवितेत चित्राबाहेर म्हणण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही.

त्या संस्कृत कवींकडून एक गोष्ट मात्र जरूर उचला. त्यांच्या लेखी एका घरात बसणारा ऐवज म्हणजे एक अक्षर. क्य, स्त्री, र्मा हे प्रत्येकी एकच घर.

काना वेगळा पडतो, वेलांटी पळते

इंग्रजी नमुने पाहून आपण शब्दाचे तुकडे करायला जातो आणि इथे सगळ्यात जास्त फसतो. रोमन लिपीत एकेक अक्षर सुटं उभं राहतं. ‘पाऊस’ मात्र प, काना, ऊ, स असा सुटा केला की काना बिचारा अनाथ होतो आणि मागे उरतो ‘पऊस’. काना पावसाच्या सरीसारखा दिसतो, त्यामुळे मोह होतो. एकदा करून बघा, कार्ड मित्राला द्या आणि काहीही न सांगता मोठ्याने वाचायला लावा. तो अडखळला तर तुमचा पाऊस पडलेला नाही.

आता यांत्रिक दुखणी. इनडिझाईन किंवा इलस्ट्रेटरमध्ये मराठी पेस्ट केल्यावर ‘कि’ची वेलांटी मागे पळाली, जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, वेगळा निवडावा लागतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर आणला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर समोर रोमन अक्षरांची खिचडी येते.

अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते. मजकूर वळणावर चढवला की तीच शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांची होते, एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या कुंपणासारखी. उपाय एकच. शब्दाचं आउटलाइन करायचं, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांची चित्रासारखी आकृती करायची, शिरोरेषेचे तुकडे काढून टाकायचे आणि एकसंध रेघ हाताने ओढायची. आउटलाइन केल्याचा दुसरा फायदा म्हणजे छापखान्यात कुणी प्रेमाने अक्षरं जोडून देऊ शकत नाही.

‘वाऱ्यावर’ लिहिताना ‘वार्यावर’ झालंय का, ते बघा. वाऱ्याला डोक्यावर रफार नको, त्याचा अर्धा र पुढच्या य च्या अंगाला लागून असतो. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हेही तपासा. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय आपलं वळण येत नाही. एका शब्दाच्या कार्डावर परका ल लांबूनही खटकतो. आणि ‘मंगल’ फॉन्टला हसण्याआधी एवढं ध्यानात असू द्या की तो करणारे र. कृ. जोशी स्वतः सुलेखनकार आणि कवी होते. तो पडद्यावरच्या वाचनासाठी केलेला फॉन्ट आहे. कार्डावर टपोरा करून ताणायचा आपला हट्ट, दोष त्याचा नाही.

दिव्याशेजारी दिवा

‘दिवा’ लिहायचं आणि बाजूला पणतीचा फोटो टाकायचा. हे बालवाडीच्या भिंतीवर शोभतं. शब्द आणि चित्र दोन वेगळ्या दिशांनी आले तरच मधे काहीतरी घडतं. स्कॉटलंडचा इयन हॅमिल्टन फिनले यात उस्ताद. 1961 मध्ये सुरू केलेल्या वाइल्ड हॉथॉर्न प्रेसमधून त्याने ढिगांनी कार्डं, घडीपत्रं, पोस्टकार्डं काढली. एका कामात त्याने मासेमारीच्या होड्यांवरचे नोंदणी क्रमांक गोल गोल मांडले आणि त्यांचं फूल झालं. फुलाचं चित्र नाही, फुलावरची कविता नाही, नुसते क्रमांक. मुंबईच्या ससून डॉकवर, मासेमारीच्या धक्क्यावर, उभं राहून होड्यांवरची नावं आणि आकडे एकदा वहीत उतरवून पाहा, कच्चा माल किती पडलाय ते कळेल.

फिनले बरंचसं काम चित्रकार, मुद्रक आणि अक्षरं कोरणाऱ्या कारागिरांकडून करून घेई आणि त्यांची नावंही देई. आपल्याकडे कार्डामागे कवीचं नाव असतं, चित्रकाराचं बारीक असतं आणि छापणाऱ्याचं नसतंच.

कागद, घडी, ठिपके

पाकळ्या घातलेला हातकागद सुंदर असतो, पण देवनागरीसाठी घातक. त्यातला एखादा काळसर कण नेमका अक्षराच्या डोक्यावर येतो आणि चितेची चिंता होते. माझ्या एका कार्डावर ‘वश’चा ‘वंश’ झाला होता. अनुस्वार महत्त्वाचा असेल तर साधा, बिनठिपक्यांचा कागद घ्या.

आकाराचंही तेच. ए6 कार्ड 148 × 105 मिलिमीटरचं असतं आणि आपलं पोस्टकार्ड 14 × 9 सेंटिमीटरचं. ए6ला पोस्टकार्ड समजू नका, सी6 पाकीट घ्या. मजकूर कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचं सोडा. जाड कार्डाला आधी क्रीझ मारून घ्या, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडून घ्या, आणि घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने घाला.

हे सगळं शिकता शिकता ‘अंतर’ पुन्हा केलं. शब्द नुसता बघत बसले होते आणि अंगठ्याखाली र झाकला गेला. उरलं ‘अंत’. मग 28 सेंटिमीटर लांबीची पट्टी घेतली आणि अर्धा भाग मागे दुमडला. समोर ‘अंत’, आणि त च्या डोक्यावरून निघालेली शिरोरेषा उजव्या कडेपर्यंत जाऊन नाहीशी होते. घडी उघडली की तीच रेघ पुढे चालत राहते आणि अगदी टोकाला र भेटतो.

नमुना आईला दाखवला. तिने समोरची बाजू पाहिली आणि म्हणाली, “सणासुदीचं कुणाच्या दारात ‘अंत’ पाठवतेस?” बरोबर होतं तिचं. कार्ड मैत्रिणीच्या हाती पडण्याआधी तिच्या सासूबाई उघडणार, हे मी धरलंच नव्हतं. दिवाळी टाळली.

डिजिटल छपाईत दुसरी गंमत झाली. घडीच्या बाहेरच्या बाजूला टोनर, म्हणजे त्या छपाईची पूड-शाई, तडकला आणि नेमकी त्या जागी शिरोरेषा पांढरी पडली. जी रेघ तुटू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तीच तुटली. शेवटी आधी क्रीझ मारून शंभर कार्डं स्क्रीन प्रिंटिंगने काढायचं ठरवलं. ती शाई कागदाबरोबर वाकते. पूर्ण मापाचा छापील नमुना, घडीसकट, फाइलबरोबर दिला.

संध्याकाळी त्याच दादांचा फोन. “ताई, र फार लांब गेलाय. तसाच ठेवायचा ना?”