पाटीवरचं साल बाजूला ठेवा: लंडनच्या गल्लीतल्या पबचा इतिहास कसा शोधायचा

आमच्या दक्षिण लंडनमधल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पबवर सोनेरी अक्षरांत ‘१७२२ पासून’ असं रंगवलंय. बारा वर्षं मी ते वाचत होते, घरी आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवतही होते. मग एकदा समोरच्या थांब्यावर बस येईना म्हणून विटांकडे नीट पाहिलं. यंत्रावर दाबून काढलेल्या, धारदार कडांच्या, एकसारख्या लाल विटा. १७२२ साली असली वीट कोण पाडत होतं? तिथून जे खूळ डोक्यात शिरलं, ते दोन वर्षं निघालं नाही. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी वहीत तीन रकाने आखा: इमारत, परवाना, नाव. तिन्हींची सालं बहुधा वेगवेगळी निघतात आणि पाटीवर त्यातलं सगळ्यात जुनं, किंवा नुसतंच ऐकीव, साल चढतं.

इमारत बघायला पुढून नाही, मागून जा. लंडनमध्ये १८९० च्या दशकात पबांचा धंदा तेजीत होता, १८९९ मध्ये तो कोसळला. त्या तेजीत ब्रुअऱ्यांनी पैसा ओतून दर्शनी भाग नटवले: चकचकीत टाइल्स, कोरीव काचा, टेराकोटाची नक्षी. मागच्या बोळात मात्र जुन्या पिवळट-तपकिरी विटांची भिंत तशीच उभी असू शकते. तळघर बघायला मिळालं तर सोडू नका. वरचं सगळं पाडून नवं बांधलं तरी खालचं पुष्कळदा तसंच ठेवतात. फक्त शुक्रवारी संध्याकाळी विचारायला जाऊ नका. मी मंगळवारी दुपारी गेले, लाइम-सोडा घेतला आणि लँडलॉर्डला विचारलं. (इथे पब चालवणाऱ्याला लँडलॉर्डच म्हणतात, मग भिंतीतली एक वीटही त्याच्या मालकीची नसली तरी.) बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच ‘खिडकीपट्टी!’ म्हणतात. १६९६ ते १८५१ हा कर होता खरा, पण नुसत्या शोभेसाठी, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणूनही आंधळ्या खिडक्या बांधत. १८५१ नंतरच्या भिंतीत तर कराचा प्रश्नच नाही.

आता परवाना. खरी गंमत इथे आहे. इंग्लंडमध्ये दारूच्या गुत्त्यांना मॅजिस्ट्रेटचा परवाना लागू झाला १५५२ मध्ये. १८२८ पर्यंतच्या नोंदवह्या काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) अभिलेखागारात बऱ्यापैकी सापडतात. लंडनसाठी ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये, किंवा जुन्या काउंटीच्या हद्दीप्रमाणे शेजारच्या काउंटीत बघायचं. मी १७२२ पासून सुरुवात केली. काही नाही. शंभर वर्षं पुढे आले, तरी काही नाही. हताश व्हायची वेळ आली तेव्हा वाचनकक्षातल्या एका कर्मचारी बाईंनी विचारलं, “बिअरहाउस असेल तर?”

१८३० च्या कायद्याने कोणाही करदात्या घरमालकाला दोन गिनी (दोन पौंडांहून थोडे जास्त) भरून अबकारी खात्याकडून बिअर विकायचा परवाना घेता येऊ लागला. मॅजिस्ट्रेटकडे जायचं कारणच उरलं नाही. लोकांनी राहत्या घराची पुढची खोली मोकळी केली आणि पिंप मांडलं. हीच बिअरहाउसं. कोपऱ्याकोपऱ्यावरचे कितीतरी पब असे जन्मले. १८६९ मध्ये हा परवाना पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या हाती गेला, म्हणून त्यांच्या वह्यांत मधली जवळजवळ चाळीस वर्षं हे पब दिसतच नाहीत. त्या काळासाठी व्यापारी डिरेक्टऱ्या उघडा, आणि पबच्या नावाने शोधू नका. बिअरहाउसची नोंद तिथे सहसा ‘बिअर रिटेलर’ म्हणून, माणसाच्या नावाने, नुसत्या पत्त्यावर असते. आमचा पब मला असाच सापडला, १८३० च्या दशकाच्या अखेरीस. धड नावही नव्हतं त्याला.

पत्ता हातात आला की घरक्रमांक पाठ करून बसू नका. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक घाऊकपणे बदलले. मी सहा आठवडे ज्या कुटुंबाच्या मागे होते, ते पलीकडच्या गल्लीतल्या चांभाराचं निघालं! उपाय सोपा आहे. १८४१ पासूनच्या जनगणना एकमेकींशेजारी ठेवा आणि गणना करणारा कोणत्या क्रमाने चालत गेला ते पाहा. कोपरा कुठे आला, शेजारी कोण, हे जुळलं तरच घर तेच. १९२१ ची जनगणना खुली आहे, १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ला झालीच नाही. मधल्या खड्ड्यासाठी १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताना केलेली घरोघरची नोंद, वापरायचं. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे जुने नकाशे ठेवा. ‘पी.एच.’ म्हणजे पब्लिक हाउस, ‘बी.एच.’ म्हणजे बिअरहाउस. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लंडनचे नकाशेही फुकट दिसतात.

वर्तमानपत्रं लँडलॉर्डच्या नावाने चाळा. परवान्याचं हस्तांतर, वेळेनंतर दारू विकल्याचा दंड, आणि मृत्यूच्या चौकश्या! कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी तेव्हा सर्रास पबच्या वरच्या खोलीत भरायची. १९०२ च्या कायद्याने त्याला आळा बसला. बांधकामात फेरफार करायलाही त्याच कायद्याने मॅजिस्ट्रेटची मंजुरी लागू लागली, म्हणून त्यानंतरचे आराखडे कधी कधी हाती लागतात.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं ते लंडन काउंटी कौन्सिलच्या बॉम्बनुकसानीच्या नकाशांवर रंगांत दिसतं: काळा म्हणजे पूर्ण जमीनदोस्त, पिवळा म्हणजे किरकोळ. आमचा पब पिवळा, समोरची अख्खी रांग काळी. त्या बसथांब्यामागे साठच्या दशकातले फ्लॅट का आहेत, हे मला तेव्हा कळलं.

नावावर फार वेळ घालवू नका. ते बदलतं. ‘रॉयल ओक’ असेल तर मात्र एवढं नक्की, की नाव १६५१ च्या आधीचं नाही, कारण राजा दुसरा चार्ल्स शत्रूच्या सैन्यापासून ज्या ओकच्या झाडात लपला, तो त्या वर्षी.

शेवटी, जमलं तर लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाच. वाचकपत्र फुकट मिळतं, आत फक्त पेन्सिल चालते. १९१० च्या सुमाराला तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या जमीनकरासाठी जवळजवळ प्रत्येक मालमत्तेची पाहणी झाली होती. आधी नकाशावर घराचा क्रमांक शोधायचा, मग त्या क्रमांकाची पाहणीवही मागवायची. मालक कोण, भाडेकरू कोण, खोल्या किती, अवस्था कशी, सगळं त्यात असू शकतं. सातबाऱ्याला जोडून कोणी घराचं वर्णनही लिहून ठेवावं, तसं.

आमच्या पबच्या पानाची छापील प्रत मी लँडलॉर्डला नेऊन दिली. १७२२ चं कळल्यावर त्याला वाईट वाटेल अशी धास्ती होती. त्याने सगळं वाचलं, शेवटच्या ओळीवर थांबला. पाहणी करणाऱ्याने लिहिलं होतं, ‘मागची खोली: ओल.’ तो उठला, मागच्या खोलीत गेला, भिंतीवर हात ठेवला आणि ओला तळवा मला दाखवायला घेऊन आला.