आतितलानकाठी राहायला येताय, तर...

ग्वातेमालात उतरल्या उतरल्या ज्वालामुखी चढायला धावू नका. आधी आतितलान सरोवराचं वेळापत्रक अंगवळणी पडू द्या. सकाळी पाणी शांत असतं. दुपारी दक्षिणेकडून 'शोकोमिल' वारा सुटतो आणि लाटा उसळतात. लांचा, म्हणजे इथल्या प्रवासी मोटरबोटी, तेव्हाही चालतात. पण पुढच्या बाकावर बसाल तर कंबरडं मोडेल. मागे बसा. त्याहून बरं, बँक-बाजाराची कामं सकाळीच उरका. संध्याकाळी पाचनंतर बोट मिळेलच असं धरू नका.

घर बघताना जास्त सांभाळा. हे सरोवर ज्वालामुखीच्या खचलेल्या कुंडात साठलंय, खोली सुमारे ३४० मीटर. त्यातून बाहेर वाहून जाणारी एकही नदी नाही, त्यामुळे पातळी काही वर्षं चढते, काही वर्षं उतरते. काठावर अर्धी बुडालेली घरं दिसतील, ती बहुतेक पाण्याला लागून राहायच्या हौसेची. गावातले जुने लोक चढावर का राहतात, ते त्यांनाच विचारा. ओढ्याच्या वाटेवरही घर नको: ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात सरोवराकाठच्याच सांतियागो गावाजवळचं पानाबाह चिखलाखाली गेलं.

गाव कोणतं? बँक आणि बस हवी तर पानाहाचेल, स्वस्तात स्पॅनिश शिकायचं तर सान पेद्रो (रात्रीच्या गोंगाटासकट). विणकाम आवडत असेल तर सान हुआन. तिथल्या बायकांच्या सहकारी संस्था झाडपाल्याच्या रंगात सूत रंगवतात. सान मार्कोसमध्ये योगवाल्यांची गर्दी आहे. तुम्ही भारतातले म्हटल्यावर आसनं शिकवाल का, हा प्रश्न येणारच.

स्पॅनिश आलीच पाहिजे, पण बाजारातल्या आजीबाई आपसात त्झुतुहिल किंवा काक्चिकेल या माया भाषा बोलतात. भाजी घेऊन 'मालत्योश' म्हणा, म्हणजे धन्यवाद, चेहरा खुलतो. त्यांच्या उइपिलचा, म्हणजे विणलेल्या पोलक्याचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सांतियागोत माशिमोनच्या दर्शनाला गेलात तर तो सिगार-दारू स्वीकारणारा देव आहे म्हणून हसू नका. त्याचा मुक्काम दरवर्षी वेगळ्या घरी असतो, टुकटुकवाल्याला पत्ता माहीत असतो. आणि ती टुकटुक बघून गहिवराल: बहुतेक आपली बजाजच!

जेवणात मक्याची तोर्तिया तिन्ही त्रिकाळ. भाकरीवर वाढलेल्याला जड जात नाही. शाकाहारी असाल तर काळा घेवडाही 'मांतेका', म्हणजे डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो. आधी विचारा.

आता डोंगर. सुरुवात सान पेद्रो ज्वालामुखीपासून करा, ३,०२० मीटर. पहाटे निघा, कारण उशीर झाला की माथा ढगात जातो. स्थानिक वाटाड्या घ्याच, पैसे वाचवू नका; आडवाटांवर लुटालूट झालेली आहे. आतितलान ज्वालामुखी त्याहून पाचशे मीटर उंच, तो पाय तयार झाल्यावर. मे ते ऑक्टोबर पावसाचे महिने, तेव्हा वाटा निसरड्या असतात.

शेवटी कागदपत्रं. पर्यटक म्हणून मिळणारे ९० दिवस ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा मिळून मोजतात. होंडुरासला जाऊन आलो की नवे दिवस मिळतील, हा हिशोब इथे चालत नाही. मुदतवाढीचा अर्ज दिवस संपायच्या आत करा.