सामना मुलांचा, कडेला आपण: पालकांनो, या चुका टाळा

मुलाचा पास चुकला की पुढच्या क्षणी त्याची नजर कुठे जाते, एवढंच दोन सामने बघा. ती चेंडूमागे किंवा सोबतच्या खेळाडूकडे गेली तर काळजी नाही. मान वळून तुमच्याकडे आली, तर कडेला काहीतरी बिनसलंय. मूल तुमचा चेहरा वाचत असतं आणि तेवढ्यात समोरचा खेळाडू त्याच्या बाजूने निघून जातो. हे का होतं, याची कारणं बहुतेक वेळा पुढच्यांपैकीच असतात.

बाहेरून सूचना देणं

फुटबॉलमधला नऊ-दहा वर्षांचा एखादा बचावपटू डोळ्यांसमोर आणा. चेंडू त्याच्या पायाशी आहे. सरांनी सरावात शिकवलंय: आधी चेंडू थांबव, मान वर कर, मग जवळच्याला दे. तेवढ्यात कडेवरून आवाज येतो, "मार, लांब मार!" पोरगा पाय उचलतो, थांबतो, परत उचलतो आणि चेंडू जातो. सरांचं ऐकावं की घरच्यांचं, हे ठरवण्यात त्याची वेळ संपली.

तुमची सूचना बरोबर असली तरी ती उशिराच पोहोचते. तुम्ही बघणार, ठरवणार, ओरडणार. मग तो ऐकणार आणि अर्थ लावणार. तोवर मोकळी जागा बंद झालेली असते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे मूल आवाजाची वाट बघायला शिकतं. कधी काय करायचं हे स्वतः ठरवता येणं हाच खेळाचा गाभा आहे आणि तोच आपण त्याच्या हातून काढून घेतो.

यावर सोपा नियम: चेंडू खेळात असताना आज्ञार्थी क्रियापद तोंडातून काढायचं नाही. मार, पळ, दे, सोड, सगळं बंद. घडून गेलेल्या गोष्टीला दाद द्या: "छान अडवलंस", "चेंडू गेल्यावर लगेच मागे धावलास, मस्त!" समोरच्या संघाच्या चांगल्या खेळालाही टाळी वाजवा. गप्प राहणं जमत नसेल तर प्रशिक्षकांच्या बाकापासून लांब, शक्य असेल तर पलीकडच्या कडेला उभे राहा आणि डोळ्यांना काम द्या. चेंडू गमावल्यावर आपलं मूल किती वेळा परत धावलं, हे मोजा. नंतर कौतुक करायला खरी गोष्ट हाताशी राहते.

तोंड बंद असूनही शरीर बोलतच असतं. कपाळावर हात मारणं, मान हलवणं, पाठ फिरवणं हे मैदानाच्या मध्यातूनही स्पष्ट दिसतं.

पंचांशी वाद

बऱ्याचदा तुमची जागाच चुकीची असते. फुटबॉलमध्ये ऑफसाइड (पास घेणारा खेळाडू चेंडूच्या आणि समोरच्या शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे, गोलकडे असणं) ठरवताना पास सुटला त्या क्षणी खेळाडू कुठे होता हे बघतात, चेंडू मिळाला तेव्हा नव्हे. त्यासाठी शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत उभं राहावं लागतं. तिरक्या कोनातून अंदाज हमखास चुकतो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून (चेंडू बाहेर गेल्यावर खेळ पुन्हा सुरू करण्याचे हे तीन प्रकार) थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतंच, तरी आरडाओरडा होतो. बॅडमिंटनमध्ये शटलचा बूच आधी कुठे टेकला ते बघतात, घसरत जाऊन ते कुठे थांबलं ते नाही.

शिवाय मुलांच्या सामन्यांना पुष्कळदा पंचही शिकाऊ असतात. पालक ओरडले की मुलाला हरण्याचं तयार कारण मिळतं आणि त्याचं खेळातलं लक्ष उडतं. खेळ धोकादायक होतोय असं खरंच वाटलं, तर संघाच्या व्यवस्थापकांना सांगा. पंचांकडे तुम्ही स्वतः जाऊ नका.

परतीच्या वाटेवरची उलटतपासणी

आमच्या मते सगळ्यांत खोल जखम इथे होते. मूल दमलेलं असतं, भुकेलेलं असतं आणि गाडीतून उठून जाऊ शकत नाही. अशा वेळी "काय झालं होतं तुला आज?" हा प्रश्न प्रश्न राहत नाही, ठपका होतो. हे आठवड्यामागून आठवडे चाललं की मूल सामन्याआधीच घरी जातानाच्या त्या अर्ध्या तासाला भिऊ लागतं.

आधी पाणी द्या, खायला द्या. "तुला खेळताना बघायला मजा आली" हे एकदाच म्हणा आणि गप्प बसा. विषय त्यालाच काढू द्या. "मी कसा खेळलो?" असं त्याने विचारलं तर "तुला काय वाटलं?" म्हणा, आणि मग तुम्ही पाहिलेली एकच नेमकी गोष्ट सांगा. सोबतच्या मुलांना किंवा सरांना नावं ठेवू नका. पुढच्या सरावात त्याला त्यांच्याबरोबरच उभं राहायचंय.

दर गोलमागे बक्षीस लावणंही टाळा. मग मोकळा सहकारी दिसत असूनही मूल पास देत नाही.

"माझ्या मुलाला कमी का खेळवलं?"

सामना संपताच सरांना गाठू नका, किमान 24 तास जाऊ द्या. नंतर वेळ मागून घ्या आणि "त्याने कशावर काम करावं?" असं विचारा. दुसऱ्या मुलाचं नाव घेऊ नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न आधी स्वतःच विचारू द्या. तुलना करण्याआधी हेही बघा: एकाच वयोगटातल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि वयात येण्याच्या काळात उंची-ताकदीतला फरक त्याहूनही मोठा दिसतो.

दुखापत झाली तर

बोलावल्याशिवाय मैदानात धावू नका. मात्र डोक्याला मार लागला असेल आणि गोंधळ, डोकेदुखी, मळमळ, चक्कर किंवा दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही असेल, तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला. मूल कितीही हट्ट करो, डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके किंवा शुद्ध हरपणं दिसलं तर तडक रुग्णालय गाठा.

मूल "तुम्ही येऊ नका" म्हणत असेल तर

रागावू नका, आणि कारण खोदून काढू नका. एक-दोन सामने खरोखर जाऊ नका. नंतर विचारा: मी आलो तर कुठे उभा राहू? काय बोललेलं तुला आवडेल, काय नको? मुलं याचं उत्तर फार नेमकं देतात: "पलीकडे थांबा, नावाने हाक मारू नका." तसंच करा, पुढच्याच सामन्यापासून.